काय गेलं, मंदाबाई?

चहात आलं घातलं की लिमये सर पहिला घोट घेऊन विचारायचे, "मंदाबाई, काय लपवताय? दूध की पावडर?"

मी म्हणायचे, "काही नाही सर, गारठा आहे म्हणून घातलं."

"गारठा बाहेर आहे. कपात नाही. चहा चांगला असेल तर त्याला सोबत लागत नाही."

मग दुसऱ्या दिवशी मी नुसता चहा करायचे. तोही ते आधी हुंगायचे आणि मगच प्यायचे. पोह्यांतले दाणे बाजूला काढून ठेवायचे, डब्यातली भाजी खाण्याआधी चमच्याने उलटीपालटी करून बघायचे. एखाद्या गोष्टीखाली दुसरी काही दडलेली असणारच, असा त्यांचा ठाम समज होता.

कर्वेनगरमध्ये एका जुन्या सोसायटीच्या तळघरात त्यांचा गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ होता. मी तिथे तीन वर्षं झाडलोट आणि चहापाणी केलं. सर साठी ओलांडलेले, उंच, किडकिडीत. मान नेहमी थोडी डावीकडे कललेली, शेजारच्या घरातलं भांडण ऐकत असल्यासारखी. समोरच्याकडे बघून ते क्वचितच बोलत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीच्या मधोमध उभं केलं. त्या खोलीला बाहेरची खिडकी नव्हती, फक्त सरांच्या यंत्रांच्या खोलीकडची एक जाड काच होती. दार जाडजूड, भिंती गादीसारख्या मऊ. मला म्हणाले, "एक टाळी वाजवा." मी वाजवली. टाळी केव्हाच संपली तरी ते ऐकतच उभे होते. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "बांगड्या काढून ठेवाव्या लागतील."

मी पदर सावरला आणि दाराकडे निघालेच. बंद तळघर, अनोळखी माणूस, आणि चांगला धडधाकट नवरा असलेल्या बाईला बांगड्या काढ म्हणतो. सरांना माझ्या मनात काय आलं ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांचे कान लाल झाले. "अहो, आवाज होतो त्यांचा," ते म्हणाले. "गाण्यात येतो. बाहेर तुम्ही कोपरापर्यंत भरा, माझी काही हरकत नाही."

शेवटी असं ठरलं की मी बांगड्या वर चढवून त्यांवर रुमाल घट्ट बांधायचा. तरी पुढचा महिनाभर मी आत पुसायला गेले की दारात चप्पल अडकवून ठेवायचे, दार आपोआप लागू नये म्हणून. एकदा सरांनी ती चप्पल पाहिली. दुसऱ्या दिवशी दाराशी नीट रंधा मारलेला लाकडाचा ठोकळा होता.

तरीही माझा संशय लगेच गेला नाही. रेकॉर्डिंगच्या आधी ते रिकाम्या खोलीत माइक लावून एक मिनिटभर काहीच न वाजवता रेकॉर्ड करायचे. आपल्या पाठीमागे आम्ही काय बोलतो ते पकडण्यासाठी हे यंत्र चालू ठेवतात, असं मला किती तरी दिवस वाटत होतं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "खोलीत आधीपासून काय बसलंय ते बघून घेतो. नंतर गाण्यात सापडलं तर ओळखता आलं पाहिजे."

त्यांच्या समोरच्या मोठ्या स्क्रीनवर रंगीत पट्ट्या एकाखाली एक दिसायच्या. एक पट्टी म्हणजे एक आवाज. गायिकेची एक, तबल्याची एक, बासरीची एक. कधी वीस असत, कधी ऐंशी. लोक पट्ट्या वाढवायला यायचे आणि सर कमी करायचे. एकेक पट्टी पोलिसांनी चौकीत बसवलेल्या माणसासारखी उलटसुलट तपासायचे. "ही घंटा इथे कशाला आली? हिला कुणी बोलावलं?" ज्याने बोलावलं तो समोरच बसलेला असायचा. "सर, जरा भरलेलं वाटतं." "काय कमी आहे म्हणून भरताय?" एवढं विचारलं की समोरचा स्वतःच ती पट्टी काढा म्हणायचा.

हे त्यांना असंच सुचलं नव्हतं. पूर्वी ते स्वतः गाणी भरण्यासाठी प्रसिद्ध होते. "एका गाण्यात चाळीस व्हायोलिनं घातली होती मी," असं एकदा त्यांनी सांगितलं. "गाणारीचा सूर लागत नव्हता. व्हायोलिनं आली आणि कुणाला काही कळलं नाही. बक्षीस मिळालं त्या गाण्याला." मग मान आणखी कलली. "मी स्वतः इतकं लपवलंय, की दुसऱ्याने लपवलेलं लगेच सापडतं."

हा त्यांचा विश्वास एका लग्नात डळमळला. हडपसरचे एक बिल्डर मुलीच्या लग्नासाठी गाणं करून घ्यायला आले होते. पांढरे कपडे, मोकळं हसणं. म्हणाले, "सर, समदं घाला. ढोल, ताशा, हलगी, सनई. कायबी कमी पडाया नको."

"जागा उरली तर गाणंही घालू," सर म्हणाले.

सरांनी फक्त सनई आणि एक हलगी ठेवून गाणं केलं. बिल्डरांनी ऐकलं आणि डोकं खाजवलं. "सर, हे तर मोकळंच हाय की."

"मोकळी जागा तुम्हाला बघवत नाही, समजू शकतो मी."

मला वाटलं आता भांडण होणार. पण बिल्डर मांडीवर थाप मारून हसले आणि म्हणाले, "दोन्ही करा. मंडपात दोन्ही लावू. मग कळंल." सरांनी ते मनावर घेतलं. दोन्ही केली आणि स्वतः लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी आले ते चहा न हुंगताच प्यायले.

"माझी सनई कुणाला ऐकूच आली नाही," ते म्हणाले. "जनरेटर, पोरं, वाढप्यांची भांडी. मग त्यांचं ते भरलेलं लावलं, तर सगळा मंडप उठून नाचला. नवरीची आजीसुद्धा."

"मग भरलेलंच चांगलं का, सर?"

"मंडपात." मग म्हणाले, "इथे काय चांगलं ते मला आता कसं कळणार? मी ज्याला गाणं म्हणतो ते फक्त या तळघरातच गाणं असेल."

त्यांनी स्वतःच्या कानांवर संशय घ्यायला सुरुवात केली ती तेव्हापासून. आणि तेव्हापासूनच मला बोलावणं येऊ लागलं. मी फरशी पुसत असले की काचेवर टकटक व्हायची. मी येऊन सरांच्या पाठीमागे हात पुसत उभी राहायचे. सर गाणं लावायचे, मध्येच एक बटण दाबून एक पट्टी बंद करायचे आणि विचारायचे, "काय गेलं, मंदाबाई?"

गाणारीचा आवाज गेला तर मी सांगायचे. तबला गेला तरी सांगायचे. बाकी काही गेलं की म्हणायचे, "काही नाही." ते मान हलवायचे आणि ती पट्टी कायमची काढून टाकायचे. ज्याच्या जाण्याने साध्या माणसाला काही कळत नाही, ते गाण्यात हवं कशाला, असा त्यांचा हिशोब होता.

खरं असं होतं की मला बऱ्याचदा कळायचं. पण खोलीत गाणारे, वाजवणारे, शिकलेले लोक बसलेले असायचे आणि सगळे माझ्याकडे बघायचे. वाद्याचं नाव चुकलं तर? चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हाही गुरुजींनी उभं केलं की आलेलं उत्तर घशातच राहायचं. "काही नाही" म्हटलं की सुटका व्हायची.

दुसरंही एक कारण होतं. मृणालताई नावाच्या गायिका आमच्याकडे यायच्या. शाळेत संगीत शिकवायच्या, चाळिशीच्या, तोंडाच्या फटकळ पण मनाने मोकळ्या. एकदा जिन्यात त्या फोनवर बोलत होत्या ते माझ्या कानावर पडलं. "सर हुशार आहेत गं. ज्याचं वाजवणं काढायचंय ते त्या बाईच्या तोंडून वदवून घेतात. म्हणजे यांना वाईटपणा नको." त्या दिवसापासून सरांनी हाक मारली की मी फडका दोनदा पिळायचे, मगच जायचे. हा माणूस मला खरंच विचारतोय, की माझ्या आडून गोळी मारतोय?

मृणालताई आईवरचं स्वतःचं एक गाणं करत होत्या. सुरुवातीला त्यात सव्वीस पट्ट्या होत्या. त्यावरून दोघांचं रोज वाजायचं.

"भरलेलं म्हणजे लबाड, हे कुठून काढलंत सर? माझ्या आईच्या घरी एका खोलीत नऊ माणसं राहायची. कुणी कुणाच्या मागे लपत नव्हतं."

"नऊ जण एकदम बोलायला लागल्यावर आई कुणाचं ऐकायची?"

"सगळ्यांचं! आणि कमी ठेवलं की खरं होतं, हेही काही नाही. कमी ठेवूनसुद्धा माणूस मिरवतो. बघा, माझ्याकडे काहीच नाही, म्हणून."

सरांनी त्या दिवशी आणखी एकही पट्टी काढली नाही.

त्या गाण्यात व्हायोलिन वाजवायला सरांनी केशवरावांना बोलावलं होतं. केशवराव बुधवार पेठेतून बसने यायचे, व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन. सरांच्या त्या चाळीस व्हायोलिनांतलं पहिलं त्यांचं. आता त्यांचा उजवा हात थरथरायचा. गज तारेवर टेकला की थरथर कमी व्हायची, पण पूर्ण जायची नाही. वाजवून झाल्यावर पाणी पिताना मला म्हणाले, "मंदाबाई, हे शेवटचं. घरी सांगून ठेवलंय, या गाण्यात मी आहे म्हणून. सुनेनं तर शेजारीपाजारीही सांगितलं."

सव्वीस पट्ट्या हळूहळू तीनवर आल्या. मृणालताईंचा आवाज, तंबोरा आणि केशवराव. मला वाटलं, झालं. पण एका सकाळी काचेवर टकटक झाली. आत मृणालताई हाताची घडी घालून बसल्या होत्या. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नीट ऐका." गाणं सुरू झालं. दुसरी ओळ संपली आणि त्यांनी बटण दाबलं.

शेजारी बसलेलं माणूस न सांगता उठून जावं, तसं मला झालं.

"काय गेलं, मंदाबाई?"

मी सरांच्या पाठीकडे बघितलं. मनात आलं, यांना मित्राला काढायचंय. थरथर आवडत नसणार. आणि मी 'व्हायोलिन' म्हणाले, तर यांच्या मनाविरुद्ध होईल, 'काही नाही' म्हणाले तर पाप माझ्या माथी. दोन्हीकडून अडकले. आणि अडकले की माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"काही नाही."

मग ती पट्टी स्क्रीनवरून गेली.

चार दिवसांनी केशवराव गाणं ऐकायला आले. सरांनी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी तोंडाने सांगणं त्यांना जमायचंच नाही. केशवराव पुढे झुकून बसले. दुसरी ओळ संपली, तिसरी संपली. ते वाट बघत होते हे मला चहाचा ट्रे धरून उभ्या उभ्या दिसत होतं. गाणं संपलं.

"छान," ते म्हणाले. "मोकळं झालंय."

त्यांनी न उघडलेली पेटी उचलली. दारापाशी वळून म्हणाले, "एक करा लिमये. मला मोबाइलवर पाठवू नका. घरी लावायला सांगतील."

ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. सकाळी पोचले तेव्हा सर एकटेच होते. मी झाडू हातात धरूनच म्हणाले, "सर, गेलं होतं. मला कळलं होतं."

सरांची खुर्ची गर्रकन वळली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "काल केशवराव कसे गेले ते बघितलंत म्हणून आज म्हणताय?"

"नाही."

"दया येते माणसाला. दया आली की नसलेलंही ऐकू येतं. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा."

मला राग आला. पण राहिले. त्यांनी गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. प्रत्येक वेळी फक्त म्हणायचे, "आता?"

"आहेत."

"आता?"

"नाहीत."

"आता?"

"नाहीत."

"आता?"

चौथ्या वेळी मी बोलले नाही. पुन्हा लावायला सांगितलं. सर म्हणाले, "का? आहे की नाही, एवढंच तर सांगायचंय."

"व्हायोलिन आहे," मी म्हणाले. "पण ते नाहीत. हे दुसरंच कुणीतरी आहे. याचा हात हलत नाही."

मी वळले. सरांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या वेळी त्यांनी कॉम्प्युटरमधलं व्हायोलिन लावून मला पकडायला बघितलं होतं.

"आणि आधीच्या गाण्यांत?" त्यांनी हळूच विचारलं. "तेव्हाही कळत होतं?"

"कधी कळायचं. कधी नाही."

"आणि तुम्ही दर वेळी काही नाही म्हणत होतात?"

"हो, सर."

"मी तपासलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. "एकदा मी काहीच बंद केलं नव्हतं, नुसतं विचारलं. कुणीही घाबरून बासरी, गिटार काहीतरी ठोकून दिलं असतं. तुम्ही म्हणालात, काही नाही. म्हणून विश्वास ठेवला." मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "दोन वर्षं मी या बाईच्या भिडेवर गाणी उभी केली."

मला वाटलं, काम गेलं. पण त्यांनी मला जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. जिना वाजला आणि मृणालताई आत आल्या. सरांनी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसून इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. मग एकदम थांबून माझ्याकडे वळल्या. "थांबा. म्हणजे माझ्या गाण्यातलं गिटारही? तेही तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"ते गेलं तेव्हा कळलं होतं, ताई. पण बरं वाटलं होतं."

सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे माझा प्रश्नच चुकीचा होता! काय गेलं हे विचारून काय उपयोग? कुणावाचून चुकल्यासारखं होतंय, हे विचारायला हवं होतं."

त्या दिवशी त्यांनी काढून टाकलेल्या सगळ्या पट्ट्या परत आणल्या. सव्वीसच्या सव्वीस. दुपारपर्यंत आम्ही तिघं ऐकत बसलो. मला खुर्ची दिली होती. घंटा गेल्या, गिटार गेलं, धुरासारखा पसरणारा कीबोर्ड गेला. पण मृणालताईंच्याच आवाजाचे चार पदर, एकावर एक, शेवटच्या कडव्यात ठेवायला मीच सांगितले, कारण तिथे खरंच घरात माणसं आहेत असं वाटत होतं. सरांनी नाक मुरडलं, आणि ठेवले. केशवरावांचं व्हायोलिन ठेवायचं का, हे कुणी कुणाला विचारलंच नाही; ते राहिलंच.

"फोन करा त्यांना," मृणालताई म्हणाल्या.

सरांनी फोन केला. "उद्या या," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

पुढच्या महिन्यात ती सोसायटी नव्याने बांधायची म्हणून रिकामी झाली. तळघरातलं सामान कुठल्याशा गोदामात गेलं. सर मुलीकडे राहायला गेले असं कळलं, मीही वारज्यात दुसरीकडे काम धरलं. म्हणून मला आठवतात ते सर त्या फोनच्या दुसऱ्या दिवसाचे.

केशवराव आले ते पेटी न घेताच. दारातच म्हणाले, "आता काय राहिलं?"

"तुमचं व्हायोलिन परत घेतलंय."

"का?"

"हवं होतं म्हणून."

केशवराव तसेच उभे. "लिमये, परवा मी कसा गेलो ते बघून घेतलं असेल, तर काढून टाका. कीव करून ठेवलेलं मला घरी ऐकवायचं नाही."

"मी कुणाची कीव करतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

केशवरावांनी खरंच आठवून बघितलं. "कुणीच नाही."

"मग बसा."

मी बादली घेऊन काचेपलीकडच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी फडका पिळत होते आणि काचेतून बघत होते. केशवराव मधल्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटून. चेहऱ्यावर काही नाही. फक्त डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर एकेक करून दाबली जात होती. सर शेजारी उभे होते आणि मुद्दाम भिंतीकडे बघत होते. पण मधूनच नजर तिरकी करून त्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत होते.

बोटं थांबली. गाणं संपलं असावं. केशवरावांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. सरांनी वाकून पुन्हा लावलं. पुन्हा बोटं चालली, पुन्हा थांबली, पुन्हा ते एक बोट वर गेलं.

तिसऱ्यांदा मात्र सरांनी बोटाची वाट बघितली नाही. गुडघ्यावरची बोटं थांबताच त्यांनी पुन्हा बटण दाबलं, आणि आता सरळ केशवरावांच्या चेहऱ्याकडे बघत ते तिथेच खाली फरशीवर बसले.